झटपट बदलून ऐकायचं की मुक्कामी ठेवून? स्विच बॉक्स, सिलेक्टर, एबीएक्स आणि होम ट्रायलचं परीक्षण

दोन अ‍ॅम्प किंवा दोन डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे डबे) यांतला कुठला ठेवायचा हे ठरवायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेवर हातात स्विच असतो. तेच गाणं, तोच सेकंद, खटकन इकडून तिकडे. दुसऱ्या वाटेवर उपकरण आठवडा-दोन आठवडे घरात मुक्कामाला येतं आणि निकाल सवडीने लागतो. दोन्हीकडचे कट्टर लोक एकमेकांना बहिरे समजतात, आणि दोघांचं अर्धंच बरोबर आहे.

या परीक्षणात चार गोष्टी तपासल्या आहेत: लाइन लेव्हलचा (अ‍ॅम्पच्या आधीच्या कमी ताकदीच्या सिग्नलचा) साधा स्विच बॉक्स, अ‍ॅम्प-स्पीकर बदलणारा सिलेक्टर, कॉम्प्युटरवरचं एबीएक्स (नाव न कळता आवाज ओळखायची चाचणी) आणि विक्रेत्यांकडून मिळणारी होम ट्रायल. आमचं मत आधीच सांगतो. संशय घ्यायचं काम मुक्कामी ऐकण्याचं आणि तो संशय खरा की खोटा हे बघायचं काम स्विचचं. स्विचने सुरुवात केली तर काय ऐकायचं हेच माहीत नसतं. नुसत्या मुक्कामावर निकाल दिला तर आपण उपकरण ऐकलं की आपला मूड, ते कळत नाही.

स्विच लागतोच कशाला?

कारण कानाची आठवण तोकडी असते. गाण्याची चाल आयुष्यभर लक्षात राहते, पण झांजेच्या टोकाला किती धार होती किंवा तानपुऱ्याच्या तारेची गुंजन किती दाट होती, हा बारीक तपशील काही सेकंदच ताजा असतो. त्यानंतर उरतं ते त्याचं वर्णन, आणि वर्णन आपणच केलेलं असतं. आरसीए केबल काढून दुसऱ्या डॅकला लावायला दोन मिनिटं लागली, की आवाजाची तुलना आवाजाशी होत नाही, ‘मघाशी जरा मोकळं वाटलं होतं’ या वाक्याशी होते.

स्विचमुळे ही दोन मिनिटं शून्यावर येतात. पण स्विच लावला म्हणजे तुलना शुद्ध झाली असं समजू नका. बहुतेक घरगुती तुलना स्विचपाशी नाही, पातळीपाशी फसतात.

आधी पातळी, मग बाकी सगळं

दोन उपकरणांत ०.३ किंवा ०.५ डेसिबलचा फरक असेल तर कान सहसा ‘हे मोठ्याने वाजतंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘यात तपशील जास्त आहे, बेस भरदार आहे, स्टेज (वाद्यांचा समोर पसरलेला भास) रुंद आहे.’ उगीच नाही दुकानातल्या डेमोत जरा मोठ्याने वाजणारा डबा जिंकत. डॅकच्या बाबतीत हा फरक जवळपास ठरलेलाच असतो. सीडी प्लेअरच्या काळापासून लाइन आउटपुट २ व्होल्टच्या आसपास असतं, पण नेमकं २ प्रत्येक जण देत नाही. एक डॅक २.० व्होल्ट आणि दुसरा २.२ व्होल्ट देत असेल तर फरक ०.८ डेसिबलचा झाला. एकाचं आरसीए आणि दुसऱ्याचं ४ व्होल्टचं एक्सएलआर (तीन पिनांची जोडणी) लावलं तर थेट ६ डेसिबल. मग तुलना संपलीच.

लक्ष्य ठेवायचं ०.१ डेसिबलचं. व्होल्टमध्ये ते सुमारे १.२ टक्के होतात. कानाने किंवा फोनवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपने हे जमत नाही. मल्टिमीटरने सहज जमतं, तेही साध्या मल्टिमीटरने.

१ किलोहर्ट्झच्या साइन टोनची फाइल घ्या, पातळी पूर्ण मर्यादेच्या १० डेसिबल खाली. स्पीकर जोडलेलेच ठेवा, अ‍ॅम्पच्या पोस्टवर (स्पीकरच्या तारा लागतात तिथे) मीटरच्या तारा क्लिपने लावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवा. तारा हाताने धरू नका. टोक सटकून दोन पोस्ट एकमेकींना भिडल्या तर अ‍ॅम्प जायला क्षण पुरतो. आता व्हॉल्यूम हळूहळू वाढवून मीटरवर १ व्होल्ट आणा. ८ ओहमच्या स्पीकरवर हे जेमतेम ०.१२५ वॉट होतात. टोन कानाला नकोसा वाटेल, पण स्पीकरला काही होणार नाही. ‘अ’चं वाचन १.००० आलं तर ‘ब’चं ०.९८८ ते १.०१२ या पट्ट्यात यायला हवं. डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा मोजा, कारण एकाच उपकरणाचे दोन चॅनेल आपसात ०.३ डेसिबलने हललेले असणं अजिबात दुर्मीळ नाही.

स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला बरोबर व्होल्ट दाखवत नाहीत, त्यांची घडण मेन्सच्या ५०-६० हर्ट्झसाठी असते, असा आक्षेप येतो. तो खरा आहे, पण इथे लागू नाही. आपल्याला खरा आकडा नको, दोन आकडे सारखे हवेत. तोच मीटर, तीच फ्रिक्वेन्सी, तीच रेंज ठेवली की मीटरची चूक दोन्हीकडे सारखीच पडते.

मोजणं इथे थांबवू नका. तसंच १०० हर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झवरही करा, मात्र १० किलोहर्ट्झला व्होल्टेज अर्ध्यावर आणून, कारण तो सगळा टोन एकट्या ट्वीटरवर (उंच पट्टीच्या छोट्या स्पीकरवर) जातो. १ किलोहर्ट्झला जुळलेली उपकरणं इथे फाकली तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समध्येच खरा फरक आहे आणि तो ऐकू येण्याची शक्यता चांगली. याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग (मधले नमुने गणिताने भरणं) न करणारे, नॉस म्हणून विकले जाणारे डॅक. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल वाजवताना, भरपाईची सोय नसेल तर, हे डॅक १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून थोडे जास्त उतरतात. ‘अ‍ॅनालॉगसारखा मऊ आवाज’ या कौतुकातला मोठा वाटा या उताराचा असतो. आवडला तर जरूर घ्या, पण तोच उतार इक्वलायझरने फुकट मिळतो हे लक्षात असू द्या.

पातळी कमी करायची कुठे, हा पुढचा प्रश्न. डॅकचा स्वतःचा डिजिटल व्हॉल्यूम अनेकदा अर्ध्या-अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चालतो, म्हणजे पाव डेसिबलपर्यंतची चूक राहू शकते. ती चालणार नाही. मोठ्याने वाजणाऱ्या डॅकच्या आउटपुटवर प्रत्येक चॅनेलला १० किलोओहमचा बहुफेरी ट्रिमपॉट (पेचकसाने जुळवायचा छोटा रेझिस्टर) लावा, पेचकसाने पाव-पाव फेरा फिरवत वाचन जुळवा आणि मग त्याला हात लावू नका. ०.८ डेसिबल उतरवताना आउटपुट इम्पीडन्स (आउटपुटचा विद्युत अडथळा) किलोओहमच्या आतच राहतो. मीटरभर केबल आणि नेहमीच्या अ‍ॅम्पच्या इनपुटसाठी हे बिनधोक आहे.

लाइन स्विच बॉक्स

दोन इनपुट, एक आउटपुट, मध्ये एक खुटी. आत इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. डॅक, सीडी प्लेअर, फोनो स्टेज (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा), प्रीअ‍ॅम्प यांच्या तुलनेसाठी आमची पहिली पसंती हीच. तरी वापरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, गळती. ‘अ’वर गाणं चालू ठेवा, ‘ब’ला काहीच वाजत नसू द्या, खुटी ‘ब’वर आणि व्हॉल्यूम नेहमीपेक्षा वर. पातळ, चिरका, नुसता वरच्या पट्टीतला आवाज ऐकू आला तर बॉक्समधल्या तारा एकमेकींना खेटून गेल्या आहेत आणि एकीतला सिग्नल दुसरीत उतरतोय. असा बॉक्स परत करा. पत्र्याच्या डब्यात हे कमी होतं, प्लॅस्टिकच्या डब्यात जास्त.

दुसरी, बंद असलेल्या इनपुटचं बॉक्स काय करतो. चांगला बॉक्स त्याला मोकळं सोडतो. काही बॉक्स आवाज पूर्ण मरावा म्हणून त्याला जमिनीला (ग्राउंडला) शॉर्ट करतात. टेपडेकच्या जमान्यात ते खपून जायचं, पण आजच्या डॅकच्या आउटपुटला सतत शॉर्टमध्ये ठेवणं बरं नाही. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून बंद इनपुटची मधली पिन आणि बाहेरची कडी तपासा, बीप यायला नको.

तिसरी, हम. दोन्ही उपकरणांची ग्राउंड बॉक्समध्ये एकत्र येते. दोन्हीला तीन पिनांचे प्लग असले, किंवा एक डॅक कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला असला, तर ग्राउंड लूपची, म्हणजे ग्राउंडच्या तारांचं वर्तुळ पूर्ण झाल्याने येणारी, गुणगुण येऊ शकते. ती ‘अ’ आणि ‘ब’वर वेगळी असेल तर गाण्याच्या शांत जागीच उत्तर फुटतं. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेणं आणि यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल वापरणं, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

बॉक्सच्या पलीकडचा, पण नेहमी विसरला जाणारा मुद्दा उशिराचा आहे. एकाच स्ट्रीमरच्या ऑप्टिकलमधून ‘अ’ आणि कोअ‍ॅक्सिअलमधून ‘ब’ चालवला तरी दोघांचे डिजिटल फिल्टर सारखा वेळ घेत नाहीत. काही मिलिसेकंदांचा फरक असला की एका दिशेने बदलताना ताल किंचित पुढे उडी मारतो आणि उलट दिशेने अडखळतो. दोन-चार वेळा बदललं की हात ते ओळखू लागतो आणि पुढची सगळी ‘अचूक’ उत्तरं डॅकच्या आवाजावरून नाही, या उडीवरून येतात. उपाय सोपा आहे. बदलताना प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवा. आठवण तेवढ्याने पुसली जात नाही, उडी मात्र लपते.

अ‍ॅम्प आणि स्पीकर बदलणारे सिलेक्टर

इथे चूक महागात पडते. दोन अ‍ॅम्पची आउटपुट क्षणभरही एकमेकांना जोडली जाता कामा नयेत. एक जोडणी पूर्ण सुटल्यावरच दुसरी लागेल असाच स्विच किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) हवा.

बाजारातले बरेच सिलेक्टर एक अ‍ॅम्प आणि अनेक स्पीकर यासाठी असतात. ते उलटे जोडून दोन अ‍ॅम्प आणि एक स्पीकर असं वापरायचा मोह होतो. मोह आवरा, आधी मीटर काढा. बॉक्सला काहीही न जोडता ‘अ’ची काळी पोस्ट आणि ‘ब’ची काळी पोस्ट यांत कंटिन्युइटी बघा. बीप आला तर निगेटिव्ह आतून सामाईक आहेत आणि फक्त पॉझिटिव्ह बदलतोय. साध्या क्लास एबी अ‍ॅम्पवर ते कदाचित निभावेल. पण आजचे कित्येक क्लास डी अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या काळ्या पोस्टवरही सिग्नल असतो, ती जमीन नसते. असे निगेटिव्ह एकत्र बांधले की अ‍ॅम्प एकतर प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो) किंवा कायमचा जातो. डाव्या-उजव्याच्या दोन्ही तारा, म्हणजे चार पोल एकत्र बदलणारा सिलेक्टरच घ्या.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर आणखी एक पथ्य. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भाराशिवाय सिग्नल द्यायचा नाही. सिलेक्टर ‘ब’वर गेला की ‘अ’ उघडा पडतो, आणि गाणं चालूच असतं. त्या बाजूला ८ ओहमचा, अ‍ॅम्पची पूर्ण ताकद सोसणारा वायरवाउंड रेझिस्टर डमी लोड म्हणून लागला पाहिजे, तोही स्पीकर सुटताक्षणी. सिलेक्टरमध्ये ही सोय नसेल तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसाठी तो घेऊ नका.

काही सिलेक्टरमध्ये इम्पीडन्स प्रोटेक्शनचं बटण असतं. ते दाबलं की स्पीकरच्या वाटेत काही ओहमचा रेझिस्टर येतो. अ‍ॅम्प सुरक्षित राहतो, पण स्पीकरचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर-खाली होत असल्यामुळे आवाजाचा तोलच बदलतो. तुलनेच्या वेळी ते बंद असायला हवं.

याच गणितामुळे हेडफोन अ‍ॅम्पमधले फरक खरे निघतात. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल आणि हेडफोन १ किलोहर्ट्झला ३२ ओहम, पण बेसच्या एका टेकडीवर १०० ओहम असेल, तर त्या टेकडीपाशी बेस सुमारे दीड डेसिबलने फुगतो. शून्याजवळ आउटपुट इम्पीडन्स असलेल्या अ‍ॅम्पवर तो फुगत नाही. ‘हा अ‍ॅम्प उबदार आहे’ म्हणतात तो असा. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाच्या आत असावा, हा ठोकताळा याचसाठी आहे.

फूबारचं एबीएक्स

फूबार२००० हा विंडोजवरचा फुकट प्लेअर आणि त्याचा एबीएक्स कंपॅरेटर हा तितकाच फुकट जोडभाग. या परीक्षणात सर्वांत जास्त गुण त्याला. ‘अ’ कुठला आणि ‘ब’ कुठला हे माहीत असतं. ‘एक्स’ या दोघांपैकीच एक, पण कुठला ते कॉम्प्युटर दर वेळी नव्याने, न सांगता ठरवतो. तुम्ही हवं तितकं ऐकायचं आणि ‘एक्स’ कोण ते सांगायचं. कल्पना जुनीच आहे. बेल लॅब्सच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली ती मांडली, आणि हाय-फायच्या उपकरणांसाठी डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली खास कंपॅरेटरसह ती चालीत आणली.

वापरायला सोपं आहे. प्लेलिस्टमधल्या दोन फाइल निवडून मेनूतून एबीएक्स उघडा, फेऱ्यांची संख्या ठरवा, दहा ते वीस सेकंदांचा तुकडा आखून घ्या आणि जागा न सोडता ट्रॅक बदलायची सोय चालू ठेवा. नव्या आवृत्त्यांमध्ये फेऱ्या पूर्ण होईपर्यंत गुण दिसत नाहीत, हे फार चांगलं केलंय. गुण दिसत राहिले की माणूस नशीब जोरावर असताना थांबतो, आणि मग निकालाला अर्थ उरत नाही. सरावासाठी गुण दाखवणारा वेगळा मोड आहे, तो सरावापुरताच वापरा.

उणीव उघड आहे. तो फाइलींची तुलना करतो, डब्यांची नाही. एमपी३ आणि फ्लॅक (काहीही न गमावता लहान केलेली फाइल) यांतला फरक बघायला तो घरचाच. डब्यांसाठी वळसा घ्यावा लागतो. दोन्ही उपकरणांचं आउटपुट एकाच ऑडिओ इंटरफेसने २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायचं, पातळी जुळवायची, सुरुवात सॅम्पलपर्यंत जुळवून कापायची आणि त्या फाइली फूबारला द्यायच्या. अ‍ॅम्पचं आउटपुट इंटरफेसला थेट देऊ नका. मध्ये रेझिस्टरचा विभाजक लागतो, आणि ब्रिज अ‍ॅम्पला तर इंटरफेसची जमीन जोडायचीच नाही. रेकॉर्डिंग फोनो कार्ट्रिजसाठी (तबकडीवर फिरणाऱ्या सुईच्या भागासाठी) विशेष उपयोगी, कारण दोन कार्ट्रिज स्विचने बदलून ऐकायची दुसरी धड वाट नाही. फक्त तबकडीचा वेग किंचित हलत असल्यामुळे दोन रेकॉर्डिंग हळूहळू एकमेकांपासून सरकतात, म्हणून तुकडे पाच-सात सेकंदांचेच घ्या.

दोन फाइलींचा सॅम्पल रेट वेगळा असेल तर आधी दोन्ही सारख्या करून घ्या. नाहीतर बदलताना डॅकचा रिले टकटक करतो आणि ‘एक्स’ कोण ते सगळ्या खोलीला कळतं.

सोळा फेऱ्या आणि त्यांचा अर्थ

सोळा फेऱ्यांत निव्वळ अंदाजाने बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के आहे. म्हणून बाराला ‘फरक ऐकू आला’ म्हणतात. तेरा आले तर शक्यता एक टक्क्याच्या आसपास, चौदा आले तर ०.२ टक्के. दहाच फेऱ्या केल्या तर आठ पुरत नाहीत (५.५ टक्के), नऊ लागतात.

लोक इथे दोन्हीकडून घसरतात. वीस मित्रांनी सोळा-सोळा फेऱ्या केल्या आणि एकाचे बारा आले, म्हणून त्याला ‘सोनेरी कान’ म्हणून मिरवू नका. फरक मुळीच नसला तरी वीस जणांत निदान एकाला तो आकडा लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. त्याला पुन्हा बसवा. उलट बाजूला, सोळात दहा आले म्हणून ‘फरक नाहीच’ असंही ठरत नाही. एखाद्याला खरोखर दहांत सात वेळा फरक कळत असेल, तरी सोळा फेऱ्यांत त्याला बाराचा उंबरठा गाठता येण्याची शक्यता ४५ टक्केच आहे. चाळीस फेऱ्या केल्या (तिथे उंबरठा सव्वीस) तर ती ८० टक्क्यांवर जाते. चाळीस फेऱ्या एका बैठकीत करायच्या नाहीत. दहा-दहाच्या चार बैठका, वेगवेगळ्या दिवशी, संख्या आधी लिहून ठेवून.

होम ट्रायल: काय मिळतं, काय मिळत नाही

‘झटपट बदलून ऐकण्यात मन ताणलेलं असतं, खरा फरक आठवडाभर सोबत राहिल्यावरच कळतो.’ हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो आणि तो तपासून झालेला आहे. क्लार्क यांनी १९९१ साली एबीएक्सच्या दहा वर्षांचा आढावा घेताना असाच एक प्रयोग नोंदवला. अडीच टक्के डिस्टॉर्शन (सिग्नलची विकृती) मिसळणारे किंवा काहीच न करणारे सीलबंद डबे श्रोत्यांना घरी नेऊन हवे तितके दिवस ऐकायला दिले होते. घरी नेणाऱ्यांना डबा ओळखता आला नाही. एका गटाचे अठरात अकरा आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखेच. त्याच गटाला एबीएक्सवर बसवल्यावर मात्र पाऊण तासात तेच डिस्टॉर्शन ओळखता आलं, आणि मग त्याहून कमीही.

मग होम ट्रायल फुकाची? नाही. ती वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देते आणि ती उत्तरं स्विच कधीच देणार नाही. ट्रान्सफॉर्मर रात्री गुणगुणतो का? व्हॉल्यूमची खुटी घड्याळातल्या आठच्या जागीच, म्हणजे जेमतेम फिरवल्यावरच, आवाज फार मोठा करते का? तसं असेल तर गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) गरजेपेक्षा जास्त आहे, आणि खुटीच्या त्या खालच्या टप्प्यात पोटेन्शिओमीटरचे दोन चॅनेल सर्वांत जास्त बेमेळ असतात, म्हणजे रात्रीच्या हळू आवाजात गायिका एका बाजूला सरकणार. अ‍ॅम्प बंद कपाटात तापून प्रोटेक्शनमध्ये जातो का? हेडफोनची पकड दीड तासाने कानशिलाला टोचते का? ६ ते ९ किलोहर्ट्झमधला एखादा उंचवटा पहिल्या मिनिटाला ‘तपशील’ वाटतो आणि तासाभराने डोकं उठवतो. वीस सेकंदांच्या तुकड्यात तो जिंकूनच जाईल.

ट्रायल नीट करायची तर किमान सोळा दिवस हाताशी हवेत: सात दिवस नवं उपकरण, सात दिवस जुनं, शेवटचे दोन दिवस पुन्हा नवं. आपल्याला हव्या असतात त्या मधल्या दोन उड्या, कारण कान आठवड्यात एका तोलाला सरावतो आणि बदलाच्या पहिल्या तासाला जे खटकतं ते सर्वांत कामाचं असतं. पातळी इथेही मीटरने जुळवा आणि खुटीवर टेपने खूण करा. परतीची मुदत सोळा दिवसांहून कमी असेल तर ती ट्रायल म्हणजे नुसती ओळखपरेड.

वहीत विशेषणं लिहू नका. ‘मोकळा’, ‘संगीतमय’, ‘काळी पार्श्वभूमी’ हे शब्द आठवड्याने तुम्हालाच कळणार नाहीत. लिहायचं असं: ‘तिसरा ट्रॅक, ३ मिनिटं ४२ सेकंद, झांज टोचते.’ ‘पहिला ट्रॅक, सुरुवात, तबल्याचा डावा घुमतो, समेवर दोनदा.’ अशा आठ-दहा नोंदी जमल्या की होम ट्रायलचं काम झालं. त्या प्रत्येक जागेचे पंधरा सेकंद कापा आणि स्विचवर, पातळी जुळवून, डोळे झाकून ऐका. झांज खरंच टोचत असेल तर ती तिथेही टोचेल. आमच्या अंदाजाने निम्म्याहून जास्त नोंदी इथे विरघळतात. ज्या टिकतात, त्यांच्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही.

आणि डोळे झाकून ऐकायला मुक्कामही चालतो. एबीएक्समध्ये वेळेची अट कुठेच नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाने रोज सकाळी नाणं उडवून, कापडाआड, दोनपैकी एक उपकरण जोडायचं आणि चिठ्ठी पाकिटात बंद करायची. तुम्ही रात्री उत्तर लिहायचं. सोळा दिवसांत सोळा फेऱ्या. झटपट ऐकण्यावर विश्वास नसलेल्यांनी हे करून बघायला काहीच अडचण नाही, फक्त दिवे, रिमोट आणि डब्याची ऊब यांवरून उत्तर कळणार नाही याची सोय करा.

स्पीकरचं वेगळं आहे

स्पीकरमधले फरक एवढे ढोबळ असतात की एबीएक्सची गरजच नसते. तिथला प्रश्न फरक आहे का हा नाही, कुठला आवडतो हा आहे. अडचण जागेची आहे. दोन जोड्या शेजारी-शेजारी ठेवल्या की बेसमध्ये तुम्ही स्पीकर कमी आणि खोलीतली जागा जास्त ऐकता. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या प्रयोगशाळेत याचसाठी पडद्यामागे स्पीकर सरकवून सुमारे तीन सेकंदांत नेमक्या त्याच जागी आणणारी यंत्रणा बसवलेली आहे. घरी तेवढं जमत नाही. जमिनीवर टेपच्या खुणा करा, दोन माणसं हाताशी घ्या, आणि बदल मिनिटभराच्या आत होईल असं बघा. पातळी १ किलोहर्ट्झच्या टोनने जुळवू नका. खोलीत त्या टोनचे खड्डे-उंचवटे पडतात आणि मायक्रोफोन वीतभर हलवला की आकडा बदलतो. ५०० ते २००० हर्ट्झचा पिंक नॉइज (दर सप्तकाला सारखी ताकद असलेली खरखर) वापरा. डोकंही खुर्चीत स्थिर ठेवा, कारण ३.४ किलोहर्ट्झची लाट जेमतेम १० सेंटिमीटरची असते. मान कलती झाली तरी वरच्या पट्टीचा रंग बदलतो आणि त्याचं श्रेय फुकट स्पीकरला जातं.

बसण्याआधीची शेवटची तपासणी

सगळं जोडून झालं की लगेच ‘अ’ विरुद्ध ‘ब’ सुरू करू नका. आधी स्विचच्या दोन्ही बाजूंना एकच उपकरण लावा आणि सोळा फेऱ्या करा. बारा बरोबर आले तर मांडणी कुठेतरी चुगली करते आहे. खुटीचा आवाज, गळती, एखादी सैल आरसीए, काहीतरी आहेच, ते शोधा. मग एका बाजूची पातळी मुद्दाम १ डेसिबलने उतरवा आणि पुन्हा सोळा. हा फरक ओळखता आला नाही तर खोलीत गोंगाट आहे, तुकडा चुकीचा निवडला आहे किंवा कान दमलेत. त्या दिवशी लाखमोलाचे डॅक ऐकून काही कळणार नाही. पंखा बंद करा, तुकडा बदला, नाहीतर उद्या बसा.